अडीच किलो कवरं

१९ सप्टें., गुरु. म्हैसूर

पोचलो. अंग आंबलंय, पण मजेत. आम्ही सांगलीचे बारा जण, इथले बारा जण. कार्यक्रमाच्या नावात ‘युवा’, ‘पर्यावरण’ आणि ‘आदानप्रदान’ हे तिन्ही शब्द आहेत. स्टेशनवर बॅनर धरायला चार माणसं लागली. आम्ही नुसतं ‘प्लास्टिकवाले’ म्हणतो. आठवडाभर प्रत्येकाने इथल्या एकेका घरी राहायचं. त्या घरातलं प्ला. वजन करून लिहायचं, होईल तितकं कमी करायचं, शेवटी सगळ्यांसमोर आकडा सांगायचा. डिसेंबरात हे बारा जण सांगलीला येऊन आमची घरं तपासणार. आईला हा दुसरा भाग अजून सांगितलेला नाही.

मला घर मिळालं अग्रहारात. गल्लीच्या तोंडाशी देऊळ, फुलवाली, झेरॉक्सवाला, पाठोपाठ घर. मोहिते. पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे मराठे. पूर्वज राजाच्या फौजेत, घोड्यावर. काका (लोकनाथराव) बेळगोळच्या कारखान्यात, स्कूटरवर. मुलगी चैत्रा (यापुढे चै.), बी.कॉम.ला, माझी जोडीदार. आणि गीताकाकू.

काकू दारातच म्हणाल्या, “ये पुट्टी, पाय धुऊन घे, ऊटा तयार आहे.” मी मान डोलावली. पुट्टी म्हणजे पोरगी हे लगेच कळलं, ऊटा म्हणजे जेवण हे ताट आल्यावर. यांची मराठी ऐकत राहावी अशी आहे. मध्येच कन्नडमध्ये शिरते, वळसा घालते, परत येते.

ता.क. नाचणीचा उंडा (मुद्दे) चावायचा नसतो, गिळायचा असतो. मी चावला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

२० सप्टें., शुक्र.

सकाळी स्वयंपाकघरातच थांबले. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन भिंतीच्या टाइल्सवर चिकटवलेल्या, ओळीने आठ. वाळल्या की आपोआप खाली पडतात, मग काकू घडी करून डब्यात ठेवतात. महिन्याने भंगारवाला नेतो. मी म्हटलं, काकू, तुम्ही आमच्यापुढे आहात. “अय्यो, सुम्ने वाळत टाकते मी, त्यात काय.” (सुम्ने = उगाच, सहज. इथे सगळंच सुम्ने चालतं.)

इथे प्लास्टिकच्या पिशवीला कवर म्हणतात. दूध कवरात, फुलं कवरात, कवरं कवरात. मी ताणकाटा काढून घरभर फिरले. दिवसाचा हिशोब इतका कमी निघाला की माझाच विरस झाला. पहिलं यायचं तर कमी करायला आधी काहीतरी जास्त हवं ना!

दुपारी सगळ्यांना वॉर्डातलं कोरड्या कचऱ्याचं केंद्र दाखवलं. निवडायच्या टेबलावर मुख्य महादेवम्मा. साठीच्या असतील. केसांत अबोलीचा गजरा, हातात रबरी मोजे, नजर पोलिसाची. त्या पिशवी कानाशी धरून चुरगाळतात आणि आवाजावरून सांगतात कुठल्या ढिगात जायची. करकर आवाज वेगळा, खसखस वेगळा. मला करून बघायला दिलं. मी दुसऱ्या वर्षाला पॉलिमर शिकते. पाचातल्या चार चुकल्या. त्या काहीतरी बोलल्या, चै.ने भाषांतर केलं: “पुस्तक कानाला लाव म्हणतात.” सगळे हसले. मीसुद्धा, पण जरा उशिरा.

निवडलेल्याचा दर बुधवारी गठ्ठा दाबतात आणि ट्रक घेऊन जातो.

२१ सप्टें., शनि.

आज काम केलं! मोठं काम.

काकू सकाळीच बेट्टदपुरला गेल्या, नात्यात श्राद्ध आहे. चै.ची कॉलेजात प्रॅक्टिकल. काका पाळीवरून येऊन झोपलेले. घर माझं.

बाहेरच्या खोलीत दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. दसऱ्यात मांडायच्या बाहुल्यांच्या. इथे घरोघर पायऱ्या करून बाहुल्या मांडतात. वर लाकडी राजा-राणी, खाली देव, वाणी, बँडवाले, वरात, जे असेल ते. काकूंनी काल दाखवायला एक पेटी उघडली होती. मी आतलं बघूनच थक्क. प्रत्येक बाहुली कवरात. काही दोन-दोन कवरांत. म्हणजे घरातलं सगळं प्ला. इथे दडून बसलंय!

काकूंकडून काल जुन्या सुती साड्या मागून घेतल्या होत्या. “पिशव्या शिवणार काय? शीव, शीव,” म्हणाल्या. मी पिशव्या म्हणाले नव्हते, पण नाहीसुद्धा म्हणाले नव्हते. म्हटलं त्यांना आश्चर्याचा धक्का देऊ.

साडेनऊ ते अडीच. एकूण चौऱ्याहत्तर बाहुल्या. एकेक कवरातून काढली, फडक्याने पुसली, साडीच्या तुकड्यात गुंडाळली, सुतळी बांधली, परत पेटीत. एकीलाही ओरखडा नाही. कवरं जुनी, पिवळट. बऱ्याचशांवर मार्करने कन्नडमध्ये काहीतरी खरडलेलं, दुकानदारांनी लिहिलं असेल. सगळी पोत्यात कोंबून तोंड शिवलं. काट्यावर लावलं.

अडीच किलो!!

दातार सरांना (आमच्याबरोबर आलेले, प्राणिशास्त्राचे) फोटो पाठवला. त्यांनी ग्रुपवर टाकला. टाळ्यांची चित्रं मोजली, एकोणीस.

२२ सप्टें., रवि.

सकाळी शिट्टी वाजली. कचऱ्याची गाडी. मी आणि चै.ने पोतं दोन टोकांना धरून दिलं. चै. म्हणाली, “इतकं सगळं आमच्या घरात होतं? मुग्धा, तू भारी स्ट्रिक्ट मा.” मी कॉलर ताठ केली.

मग सगळे मिळून चामुंडीच्या पायऱ्यांवर कचरा वेचायला. हजार पायऱ्या आहेत म्हणतात. मी सातशेला मोजणं सोडलं. खाली उतरून ऊस-रस, स्टीलच्या ग्लासात. आम्ही ग्लास घरून नेले होते. रसवाला म्हणाला, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आली तर मला विसळायचं कामच उरणार नाही.

काकू संध्याकाळी आल्या, दमलेल्या. त्यांना काही सांगितलं नाही. अमावास्येला पेटी उघडतील तेव्हा चै.ला व्हिडिओ करायला सांगेन, बघू चेहरा.

२३ सप्टें., सोम.

आजचं लिहायला हात उचलत नाही. पण लिहिते.

काकूंनी आजच पेटी उघडली. पितृपक्षात बाहुल्या बाहेर काढत नाहीत, पण त्यांना धीर नव्हता. नुसतं बघून ठेवते म्हणाल्या. मी मागे उभी, हसू दाबत.

त्यांनी एक गाठोडं उचललं, सोडलं. दुसरं सोडलं. मग विचारलं, “कवर कुठं आहेत?”

मी सांगितलं. अडीच किलो वगैरे. जोरात सांगितलं.

त्या खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फार हळू म्हणाल्या, “त्यावर अत्तेंनी लिहिलेलं होतं पुट्टी.”

अत्ते म्हणजे त्यांच्या सासूबाई. गेल्या वर्षी श्रावणात गेल्या. प्रत्येक कवरावर त्यांनी लिहून ठेवलं होतं: कुठली बाहुली कुणी दिली, कुठल्या पायरीवर, कुणाशेजारी, काय जपायचं. मराठीत, पण कन्नड अक्षरांत. या घरात तसंच लिहितात. मराठी बोलतात सगळे, देवनागरी कुणी शिकलंच नाही. मला वाटलं दुकानदार. चौऱ्याहत्तर दुकानदार एकाच हस्ताक्षरात कसे लिहितील, हा प्रश्न बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला पडू नये?

पुढचं चै.ने सांगितलं, काकू आत गेल्यावर. बावीस वर्षांत काकूंनी एकदाही पायऱ्या मांडल्या नाहीत. अत्ते मांडायच्या, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गेल्या वर्षी सुतक म्हणून मांडल्याच नाहीत. काकूंचं हे पहिलं वर्ष. आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी मोठ्या वन्सं येणार, म्हणजे काकांची थोरली बहीण. त्यांना आईची मांडणी बोटावर पाठ आहे. शेवटच्या दिवसांत अत्तेंनी काकूंना एवढंच सांगितलं होतं: सगळं कवरांवर लिहिलंय, तसं मांड, कुणी नावं ठेवणार नाही.

मी म्हटलं, जुने फोटो बघू. बघितले. दर वर्षीचा फोटो आहे आणि दर फोटोत पायऱ्यांसमोर अख्खं खानदान उभं आहे. एका वर्षी तिसऱ्या पायरीचं टोक दिसतं, काकांच्या कानामागून.

वन्संनाच विचारलं तर? चै.ने माझ्याकडे असं पाहिलं की मी अल्बम मिटून ठेवला.

मला खूप रडू आलं. इतकं शहाणपण करायची गरजच काय होती. काकूंनी मला घरातली म्हणून किल्ल्या दिल्या, आणि मी त्यांची सासूच पोत्यात भरून दिली. माफी मागितली. “जाऊ दे, तुला काय ठाऊक,” म्हणाल्या. जेवल्या नाहीत.

२४ सप्टें., मंगळ.

सातला उठून काकांना म्हटलं, मला केंद्रावर सोडा. उद्या बुधवार, उद्या गठ्ठा दाबतात. चै.ची आज तोंडी परीक्षा, ती येऊ शकत नव्हती. सरांना सांगितलं पोट बिघडलंय. (आजची सहल राजवाड्याची होती. असो.) काकांनी बेळगोळची वाट वाकडी करून सोडलं. फाटकाशी म्हणाले, “नाही मिळालं तरी घरी ये. बेजार करून घेऊ नको.” मी मान हलवली.

महादेवम्मांनी ओळखलं. कान दाखवून हसल्या. मी हिंदी, मराठी, हातवारे, शेवटी वहीत बाहुली काढली, बाहुलीला कवर काढलं, कवरावर अक्षरांसारख्या आळ्या काढल्या. मग रडले. रडणं त्यांना लगेच कळलं.

रविवारचा आमच्या वॉर्डाचा ढीग कोपऱ्यात तसाच होता. नशीब! पण पोतं गाडीतच फुटलेलं, सगळं विखुरलेलं. आणि ढिगात लिहिलेली कवरं कितीतरी. किराणावाले, शिंपी, लाँड्री, सगळे कवरावरच लिहितात. मला सगळं सारखंच दिसायचं, वळणावळणाचं. कुठलं आपलं, कुठलं लाँड्रीचं?

महादेवम्मांनी एक उचललं. वाचलं: तांदूळ, पाच किलो. फेकलं. दुसरं: कुणाचा तरी ब्लाउज. फेकलं. तिसरं वाचता वाचता थांबल्या. परत वाचलं, एकेक अक्षर जोडत. कपाळाला आठी.

“अक्षर नम्दु,” म्हणाल्या, “मातु नम्दल्ला.”

एवढं कन्नड मला पाच दिवसांत आलं होतं. अक्षरं आमची, बोली आमची नाही.

म्हटलं, मोठ्याने वाचा ना!

त्यांनी वाचलं. सपाट, शाळेतल्या मुलीसारखं: “ति-स-री पा-य-री. वा-ण्या-ची बा-य-को. ना-का-ला ध-रू न-ये. चि-क-ट-व-ले-लं हा-य.”

मी किंचाळलेच. टेबलावरच्या बाकीच्या बायका धावत आल्या.

मग युक्ती सोपी होती. जे महादेवम्मांना कळेल ते लाँड्रीचं. जे कळणार नाही ते अत्तेंचं. त्या वाचायच्या आणि मान हलवायच्या, मी ऐकायचे आणि उड्या मारायचे. त्यांना वाचता येत होतं पण समजत नव्हतं, मला समजत होतं पण वाचता येत नव्हतं. दोघींत मिळून एक साक्षर बाई.

अत्ते काय बाई असतील! काही लिहून घेतली:

‘बेट्टदपुरच्या आत्यानं दिली. मला आवडली नाही. तरी मांडावी, आत्या बघायला येते.’

‘बँडवाला पाचवा. ढोल नाही. ढोल लोकूनं हरवला.’

‘ह्या पोपटाला खरा पोपट समजून मांजर आलं होतं. उंच ठेवावा.’

मी हसायचे, मग बायका विचारायच्या काय, काय. मी हातवाऱ्यांनी सांगायचे. पोपट आणि मांजर मी नाचून दाखवलं. दुपारी त्यांच्याबरोबर चित्रान्न खाल्लं, त्यांच्या डब्यातलं. चारपर्यंत एकसष्ट मिळाली. तेरा नाहीत. ढीग तीनदा उलथला. काही फाटून वाऱ्यावर गेली असतील, रस्त्यात.

महादेवम्मांनी घडी करून एका स्वच्छ पोत्यात घातली आणि पोत्यावर मार्करने लिहिलं. चै.ने घरी वाचलं: ‘कचरा नाही.’

२५ सप्टें., बुध.

दुपारपर्यंत शाळेत पथनाट्य. मी झाले प्लास्टिकचा राक्षस. भूमिका जगले.

मग घरी. कवरं धुतली. घासायची नाहीत, नुसती पाण्यातून काढायची, नाहीतर शाई जाते. अंगणात दोरीला चिमट्यांनी लावली. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, आता तुमच्याकडे साड्यांऐवजी कवरं नेसतात काय? काकूंचे ओठ हलले. थोडं हसू होतं, मी पाहिलं.

वाळल्यावर काकू वाचत बसल्या. चै. आणि मी गाठोडी सोडून बाहुली जुळवायची. काका पाळी संपवून आले तेव्हा ढोलाचं वाचून दाखवलं. बावन्न वर्षांचा माणूस, लालबुंद. “मी नाही हरवला! अक्कानं हरवला आणि माझं नाव सांगितलं!” अक्का म्हणजे त्याच मोठ्या वन्सं. पंचेचाळीस वर्षं हा आरोप डोक्यावर होता आणि त्यांना पत्ता नव्हता. चहा घेतलाच नाही, नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

मग काकू एका कवरापाशी थांबल्या.

चै. म्हणाली, “अम्मा, वाच की.”

त्यांनी कवर चै.ला दिलं. तिने वाचलं:

‘गीताच्या माहेरची जोडी. काम फार बारीक. रंग कच्चा आहे, उन्हात जाईल. मागं, सावलीत ठेवावी. दुसऱ्या कुणी हात लावू नये.’

ही जोडी काकूंनी लग्नात आणली होती, मंड्याहून. लाकडी, विरजणाच्या वाटीएवढी, बाईच्या हातात वीणा. पहिल्या दसऱ्याला अत्तेंनी ती सगळ्यात मागच्या कोपऱ्यात ठेवली, आणि मग दर वर्षी तिथेच. काकूंना वाटायचं, माहेर गरीब म्हणून मागे. कधी विचारलं नाही. “मी विचारायचं काय? त्यांनी सांगायचं काय? दोघी सुम्ने राहिलो बावीस वर्षं.”

रडल्या. मग हसल्या. मग पदराने कवर पुसायला लागल्या तेव्हा मी आणि चै. एकदम ओरडलो, घासू नका, शाई जाईल!

आज जेवल्या. मी चार अक्की रोट्या खाल्ल्या. मुद्दे असता तर तोही गिळला असता.

२६ सप्टें., गुरु.

शेवटचा कार्यक्रम. फळ्यावर सगळ्या जोड्यांचे आकडे. आमचा सगळ्यात वर: अडीच किलो. सर कौतुकाने बघत होते.

उठले. म्हटलं, आमचा आकडा खोडा. ते कचरा नव्हतंच. वीस-वीस वर्षं वापरलेली कवरं होती आणि मी त्यांचा कचरा केला. परत आणलीत, तेरा सोडून. म्हणजे आमचं कमी काहीच झालं नाही. उलट जो काही कचरा झाला तो मी केला.

चै. शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “पोतं मी पण उचललं होतं. बघितलं नाही.” ती तसं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. हात घट्ट धरला तिचा.

सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, परवा तुझं पोट बिघडलं होतं ते हेच का? हेच. मग यातून शिकलीस काय? मी म्हटलं, फेकण्याआधी वाचावं. वाचता येत नसेल तर विचारावं. हॉल हसला. मी विनोद केला नव्हता.

आम्ही शेवटून पहिल्या. दुधाच्या पिशव्यांची टाइलवाली पद्धत मात्र सगळ्यांनी उतरवून घेतली. काकूंचं नाव फळ्यावर लिहिलं. फोटो काढून त्यांना दाखवला तर म्हणाल्या, बेड, बेड, काढून टाक, लोक काय म्हणतील. (बेड = नको.) मग तोच फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

२७ सप्टें., शुक्र.

निघायचा दिवस. सकाळी काकू, चै. आणि मी केंद्रावर गेलो. काकूंनी महादेवम्मांना कुंकू लावलं आणि पहिल्या दिवशी बाहुल्या बघायला यायचं आमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, येते, पण मला समजावून सांगायला ती उड्या मारणारी नसणार. चै. म्हणाली, मी आहे.

आता प्रश्न तेरांचा. मी म्हटलं, काहीतरी नियम लावू. उंचीने. किंवा रंगाने. काकू म्हणाल्या, “तू आता नियम लावू नको पुट्टी.” प्रेमाने म्हणाल्या, पण म्हणाल्या.

बाहुल्या साडीतच राहणार. साडीवर अत्तेंचं कवर, वरून सुतळी. काकूंचं म्हणणं, कापूस आत बरा, ओल कोंडत नाही. म्हणजे माझं निम्मं बरोबर होतं! हे मी तीनदा वदवून घेतलं.

स्टेशनवर काकांनी बॅग चढवली. काकूंनी पुरी-भाजी केळीच्या पानात आणि रव्याचे लाडू कवरात दिले. गाडी हलता हलता ओरडल्या, “कवर परत पाठव! डिसेंबरात चैत्राबरोबर!”

खिडकीतून हात काढून हलवत राहिले. नाक गळत होतं. समोरच्या काकांनी रुमाल दिला.

१ ऑक्टो., मंगळ. सांगली

आईला डिसेंबराचं सांगितलं. ती तडक माळ्यावर चढली. आमच्याकडे पिशव्यांची एक पिशवी आहे असा माझा समज होता. चार निघाल्या. “हे सगळं मी आधीच टाकून देते, ती पोरगी यायच्या आत.” मी म्हटलं, आई, थांब. आधी आत बघू. आतून बाबांची हरवलेली चेकबुकं निघाली आणि माझ्या पाचवीच्या सत्काराची रिबीन. बाबा आता मला फार मान देतात.

चै.चा मेसेज: पायऱ्या उद्या बांधणार. अम्मा सकाळपासून कुणाशी बोलत नाही. अप्पा ढोल शोधतायत.

३ ऑक्टो., गुरु.

घट बसले. आईच्या हाताखाली होते, पण लक्ष फोनवर.

पावणेपाचला काकूंचा व्हिडिओ कॉल. पायऱ्या नऊ, पांढरं धोतर अंथरलेलं, खाली नाचणीचे हिरवे कोंब. पोपट उंचावर. बँडवाला पाचवा, ढोलाशिवाय. वाण्याची बायको नाकासकट. आवडली नाही तीसुद्धा मांडलेली. मागच्या कोपऱ्यात, सावलीत, वीणावाली जोडी.

“पुढं आणा ना काकू आता,” मी म्हटलं.

“बेड. तिथंच बरी दिसते. रंग कच्चा आहे.” हे बोलताना आवाज असा होता की जणू त्यांनीच शोध लावला.

महादेवम्मा आल्या होत्या, खुर्चीत बसून कॉफी पीत होत्या. आजही गजरा. मला बघून त्यांनी कान दाखवला.

मग काकूंनी फोन सहाव्या पायरीवर नेला. तेरा बाहुल्या, ज्यांची कवरं मिळाली नाहीत. एका ओळीत नाहीत, गोल करून बसवलेल्या, मधोमध दोन लाकडी गाई. बायका, एक शिपाई, एक टोपीवाला, एक बाळ रांगणारं. सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे. कुणीतरी गप्पा मारत बसल्यासारखं. असं कुठल्याच फोटोत नव्हतं, काकांच्या कानामागेसुद्धा नाही.

“असं कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“कुणी नाही. मलाच वाटलं. काल बसवलं, काढलं, मत्ते बसवलं.” (मत्ते = परत.)

“वन्संनी विचारलं तर?”

“विचारू दे,” काकू म्हणाल्या. “सांगेन, ह्या मी ठेवल्या.”

माझी चूक ती चूकच. ती तेरा कवरं कुठल्या गटारात असतील ती असोत, ती परत येणार नाहीत, आणि त्यावर अत्तेंनी काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कधी कळणार नाही. पण काकू हसत होत्या. मान ताठ. घाबरल्या होत्या आणि मान ताठ होती.

बेल वाजली. “आल्या,” म्हणाल्या आणि फोन कट.

५.०५. चै.चा मेसेज: आत्या आल्या. चपला काढतायत.

५.०८. मेसेज: वरून बघत येतायत. पाचव्या पायरीवर आहेत.

५.२०. आई नैवेद्याला हाक मारतेय, ही तिसरी हाक. आले म्हटलं. फोन हातातच आहे.